मतदारयाद्यांची फाळणी

१९४५च्या हिवाळ्यात केंद्रीय विधिमंडळाच्या निवडणुका झाल्या. मुंबई शहरातल्या मुस्लिम मतदारसंघातून बॅरिस्टर महंमद अली जिना उभे होते आणि त्यांच्या विरोधात हुसेनभाई लालजी. जिनांना ३,६०२ मतं पडली, लालजींना १२७. बेरीज ३,७२९. लाखोंच्या वस्तीच्या शहरात पावणेचार हजारांच्या आतबाहेर मतांवर लागलेला हा निकाल. त्याच हंगामात मुस्लिम लीगने केंद्रीय विधिमंडळातल्या मुस्लिमांच्या सगळ्या ३० जागा जिंकल्या आणि हिंदी मुसलमानांनी पाकिस्तानला दिलेला कौल म्हणून त्या मांडल्या गेल्या. पुढे दीड-पावणेदोन वर्षांत देशाचे दोन तुकडे झाले.

देश दुभंगत असताना घेतलेली निवडणूक नेमकं काय करते, हा प्रश्न जुना आहे आणि त्याला दोन ठरावीक उत्तरं दिली जातात. एक म्हणजे निवडणुकीमुळेच आग भडकते. दुसरं, आग आधीच लागलेली असते, निवडणूक फक्त ती दाखवते. दोन्ही उत्तरांना पुरावे मिळतात, म्हणूनच दोन्ही अपुरी आहेत. मला या सगळ्या उदाहरणांत वेगळीच गोष्ट ठळक दिसते. मतदान कुणाबरोबर एका यादीत बसून करायचं, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. आणि मतमोजणी झाल्यावर हरलेल्याला सभागृहात येऊन बसण्यात काही अर्थ उरतो की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

१९४६-४७च्या संहाराला यादवी म्हणायला बरेच अभ्यासक बिचकतात, कारण दोन सैन्यं समोरासमोर आली नाहीत. हा संकोच मला फारसा पटत नाही. दीड कोटीच्या आसपास माणसं उखडली गेली, मृतांचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत आणि पंजाबात तर सशस्त्र जथे गावांवर चालून जात होते. यादवी म्हणायला आणखी काय हवं?

आधी बाहेरची उदाहरणं पाहू. सर्वांत बोलकं अमेरिकेचं आहे. तिथे प्रतिनिधीगृहाच्या निवडणुका तेव्हा एका दिवशी होत नसत. प्रत्येक राज्य आपल्या सोयीची तारीख ठरवी. त्यामुळे १८६०-६१ची निवडणूक वर्षभर चालू राहिली आणि मधल्या काळात देशच फुटला. साऊथ कॅरोलिनाने ऑक्टोबर १८६०मध्ये रीतसर प्रतिनिधी निवडले. नोव्हेंबरात लिंकन जिंकले, २० डिसेंबरला ते राज्य संघातून बाहेर पडलं आणि निवडून आलेले प्रतिनिधी वॉशिंग्टनला फिरकलेच नाहीत. एप्रिल १८६१मध्ये फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या, तरी निवडणुका संपल्या नव्हत्या. व्हर्जिनियात २३ मे रोजी लोकांनी संघातून फुटण्याच्या ठरावावर मत दिलं आणि त्याच दिवशी राज्याच्या पश्चिम भागातल्या संघनिष्ठांनी ज्या संघातून राज्य फुटत होतं त्याच्याच प्रतिनिधीगृहासाठी माणसंही निवडली. जूनमध्ये केंटकीने १०पैकी ९ जागा संघनिष्ठांना दिल्या. ऑगस्टात टेनेसीच्या पूर्व भागातून निवडून आलेले टॉमस नेल्सन वॉशिंग्टनला जाताना वाटेतच बंडखोरांच्या हाती सापडले. ४ जुलैला खास अधिवेशन भरलं तेव्हा दक्षिणेच्या बहुतेक खुर्च्या मोकळ्या होत्या. संघाने मात्र त्या जागा रद्द केल्या नाहीत, मोकळ्याच ठेवल्या. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गृहयुद्धात सहा लाखांहून जास्त माणसं मेली, पण परत यायचं तर खुर्ची जागेवर होती.

आयर्लंडमध्ये १९२२च्या जूनमध्ये मायकेल कॉलिन्स आणि डी व्हॅलेरा यांनी चक्क तह करून निवडणूक लढवली, म्हणजे एकाच पक्षाचे दोन तट आपसात जागा वाटून घेऊन उभे राहिले. १६ जूनला मतदान झालं आणि २८ जूनला डब्लिनमधल्या फोर कोर्ट्सवर तोफा सुरू झाल्या. स्पेनमध्ये फेब्रुवारी १९३६मध्ये निवडणूक झाली, जुलैत लष्कराचं बंड. अंगोलात सप्टेंबर १९९२मध्ये बंडखोरांची युनिटा ही संघटना हरली, तिचे नेते साविंबी यांनी निकाल नाकारला आणि युद्ध थेट २००२पर्यंत चाललं. ही सगळी उदाहरणं एकाच माळेत ओवली जातात. पण स्पेन आणि अंगोलात मतदारांची यादी निदान एक होती. आपल्याकडच्या प्रकरणाशी खरं नातं सांगणारी उदाहरणं आहेत ती पाकिस्तान, युगोस्लाव्हिया आणि श्रीलंकेची.

डिसेंबर १९७०मध्ये पाकिस्तानात प्रौढ मतदानाने पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. अवामी लीगने पूर्वेकडच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या आणि पश्चिमेत एकही नाही. भुट्टोंच्या पक्षाला पश्चिमेत ८१ मिळाल्या आणि पूर्वेत तर त्यांनी उमेदवारच दिले नव्हते. ३ मार्चला ढाक्यात भरायचं अधिवेशन १ मार्चला पुढे ढकललं गेलं आणि २५ मार्चच्या रात्री लष्कर बाहेर पडलं. युगोस्लाव्हियात १९९०मध्ये प्रत्येक प्रजासत्ताकाने आपापल्या निवडणुका घेतल्या. साऱ्या देशाची एक निवडणूक कधी झालीच नाही. लिंझ आणि स्टेपान या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की आधी साऱ्या देशाची निवडणूक घेतली की साऱ्या देशाचे पक्ष तयार होतात. आधी तुकड्यांची घेतली की तुकड्यांचे. त्यांनी स्पेनचं १९७७चं उदाहरण पहिल्या प्रकाराचं म्हणून घेतलं. बोस्नियाचे तीन पक्ष आपापल्या समाजाची मतं गोळा करून सभागृहात आले. दीड वर्षात साराजेव्होला वेढा पडला. श्रीलंकेत १९७७ला तमिळ संयुक्त मुक्ती आघाडी स्वतंत्र ईलमचा जाहीरनामा घेऊन लढली, १८ जागा मिळवून संसदेतला प्रमुख विरोधी पक्ष झाली आणि तरीही सहा वर्षं सभागृहात बसली. १९८३च्या जुलैतल्या दंगलींनंतर घटनादुरुस्ती करून फुटीरतेविरुद्धची शपथ सक्तीची झाली. आघाडीच्या सदस्यांनी ती घेतली नाही आणि जागा गेल्या. त्यानंतर बोलणारे राहिले ते बंदूकवाले.

आता मुंबईकडे.

१९३५च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेला १७५ जागा दिल्या होत्या आणि त्या जागांची वाटणी डोळ्यांखालून घालण्यासारखी आहे. सर्वसाधारण ११४, त्यांतल्या १५ अनुसूचित जातींसाठी राखीव आणि ७ मराठ्यांसाठी (हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही). मुस्लिमांना २९. भारतीय ख्रिस्ती ३, युरोपियन ३, अँग्लो-इंडियन २. व्यापार-उद्योगाला ७, मजुरांना ७, जमीनदारांना २, विद्यापीठाला १, मागास भागाला १. स्त्रियांना ६, आणि त्यांतलीही एक मुस्लिम स्त्रीसाठी वेगळी. म्हणजे मुस्लिमांच्या एकूण ३०. विभक्त मतदारसंघ १९०९पासून होतेच. १९३५ने त्यांचे कप्पे वाढवले. मत देण्याचा हक्क मात्र सगळ्यांना नव्हता. जमीनमहसूल, घरभाडं, प्राप्तिकर, शिक्षण अशा अटी होत्या आणि देशभर लोकसंख्येच्या सुमारे एक अष्टमांश माणसं यादीत बसत होती. केंद्रीय विधिमंडळाची यादी तर १९१९च्या जुन्या कायद्याची, आणखी तोकडी. म्हणून तर जिनांची ती लढत पावणेचार हजारांत आटोपली.

हे कागदावरचं यंत्र गावात कसं उतरत असेल, ते पवईच्या काठावरून नीट दिसतं. तेव्हा पवई मुंबई शहरात नव्हती; वांद्र्याला मुख्यालय असलेल्या उपनगर जिल्ह्यातलं ते खेडं. १८९१मध्ये बांधून झालेला तलाव, ज्याचं पाणी पुढे पिण्याला चाललंच नाही, आणि भोवती तिरंदाज, पासपोली, तुंगवे, साकी, चांदिवली अशी गावं. १९४६ला आयआयटी यायला अजून बारा वर्षं होती. तलावाकाठी भात लावणारा कुणबी सारा भरत असेल तर सर्वसाधारण यादीत. पोर्तुगीज काळापासूनच्या होली ट्रिनिटी चर्चचा ईस्ट इंडियन शेतकरी ख्रिस्ती यादीत. कुर्ल्याकडचा मुसलमान दुकानदार मुस्लिम यादीत. कूळ, गडी, खडी फोडणारा मजूर बहुधा कुठल्याच यादीत नाही. एकाच तलावाकाठची तीन माणसं तीन वेगळ्या उमेदवारांना मत देणार. पण खरी मेख मतदाराकडे नव्हती, उमेदवाराकडे होती. मुस्लिम जागेवर उभ्या असलेल्याला कुणब्याच्या दारात जायचं कारण नाही आणि सर्वसाधारण जागेवरच्या काँग्रेसवाल्याला साकी नाक्याकडच्या मुसलमानाचं मन वळवायची गरज नाही. निवडून यायचं तर आपल्याच कप्प्यात सर्वांत मोठ्याने बोलायचं. १९३७ला हे यंत्र होतंच, पण तेव्हा मुस्लिम जागांवर स्थानिक प्रतिष्ठितांची, अपक्षांची आणि प्रांतिक पक्षांची गर्दी होती. देशभरच्या ४८२ मुस्लिम जागांपैकी लीगच्या वाट्याला शंभराच्या थोड्या वर आल्या. नऊ वर्षांनी तेच यंत्र, तेच कप्पे, आणि लीग सव्वाचारशेच्या घरात. तेव्हा नुसत्या यंत्रावर खापर फोडता येत नाही. मधल्या काळात १९३७ची काँग्रेस मंत्रिमंडळं, लीगला सत्तेत वाटा न देण्याचा निर्णय, १९३९चे राजीनामे, १९४०चा लाहोर ठराव आणि ४२नंतर तुरुंगात गेलेली काँग्रेस एवढं सगळं घडलं होतं. नेतृत्व तुरुंगात असताना लीगला तीन वर्षं मैदान मोकळं मिळालं.

१९४६च्या पहिल्या तीन महिन्यांत प्रांतिक निवडणुका झाल्या. काँग्रेसचा प्रचार आझाद हिंद सेनेच्या खटल्यांवर आणि ‘चले जाव’च्या आठवणीवर चालला, लीगचा एकाच मुद्द्यावर. या धामधुमीत १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’वरच्या नाविकांनी काम बंद केलं आणि पाच दिवस मुंबई पेटली. जहाजांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र चढले, गिरणगाव बंद राहिला, गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मेले. वल्लभभाई पटेल आणि जिना दोघांनीही नाविकांना शरण जायला सांगितलं. डाव्या इतिहासकारांना या पाच दिवसांचं फार आकर्षण आहे: रस्त्यावर एक असलेल्या लोकांना यादीने तोडलं, असा त्यांचा सूर. हे अर्धंच खरं आहे. जे शहर फेब्रुवारीत एकत्र लढलं तेच सप्टेंबरात एकमेकांवर सुरे घेऊन धावलं.

निकाल आले. मुंबई प्रांतात काँग्रेसला १२५ आणि लीगला ३०, म्हणजे मुस्लिमांच्या तीसपैकी तीस. बाळासाहेब खेर पुन्हा पंतप्रधान झाले (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत, वांद्र्याची खेरवाडी त्यांच्याच नावाची), मोरारजी देसाई गृहमंत्री. विरोधी बाकांवर लीगचे नेते इस्माईल इब्राहिम चुंद्रीगर. मजुरांच्या जागेवरून श्रीपाद अमृत डांगे आले. आकड्यांचं हे चित्र इतकं रेखीव आहे की संशय यावा: एका समाजाचा एक पक्ष, दुसऱ्या समाजाचा दुसरा, आणि मध्ये जवळजवळ कुणीच नाही.

पण नकाशा पुढे ठेवून पाहिलं की एक विचित्र गोष्ट दिसते. ज्या मुंबईत पाकिस्तान कधीच येणार नव्हतं, तिथे लीगला तीसपैकी तीस. संयुक्त प्रांतात ५४ जागा. आणि ज्या वायव्य सरहद्द प्रांताचं पाकिस्तान होणारच होतं, तिथे ५०पैकी ३० जागा काँग्रेसला, लीगला फक्त १७. पंजाबात लीग सर्वांत मोठा पक्ष झाली, पण सरकार बनलं ते खिज्र हयात तिवानांचं, काँग्रेस आणि अकालींच्या टेकूवर. सिंधमध्ये बहुमत इतकं डळमळीत की त्याच वर्षअखेर पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. म्हणजे मोहम्मद अली रोडच्या मतदाराने ज्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं, त्याचे परिणाम लाहोरच्या आणि जालंधरच्या माणसाने भोगायचे होते. आंबेडकरांना हा धोका आधी दिसला होता. ‘पाकिस्तान’वरच्या त्यांच्या ग्रंथाच्या १९४५च्या आवृत्तीत त्यांनी यावर कायद्याचा मसुदाच दिला आहे: ज्या भागांचा प्रश्न आहे त्या भागांतल्या मुसलमानांचं आणि मुसलमानेतरांचं वेगवेगळं सार्वमत घ्या, प्रश्न नेमका विचारा आणि मग ठरवा. नेमका प्रश्न, नेमकी जागा, नेमके मतदार. १९४६मध्ये यांतलं काहीही झालं नाही. विधानसभेची निवडणूक घेतली गेली आणि तिचं उत्तर सार्वमताचं म्हणून वाचलं गेलं.

यानंतरचा जुलै महिना मुंबईच्या राजकीय इतिहासात सर्वांत वाईट म्हणावा असा. कॅबिनेट मिशनने १६ मे रोजी तीन गटांची, दुबळ्या केंद्राची योजना मांडली होती. लीगने आणि काँग्रेसने ती आपापल्या अर्थाने मान्यही केली होती. ६-७ जुलैला काँग्रेसची अखिल भारतीय समिती मुंबईत भरली. १० जुलैला नेहरूंनी इथेच पत्रकार परिषद घेऊन, घटना समितीत गेल्यावर आपले हात बांधलेले नाहीत, अशा अर्थाचं वक्तव्य केलं. २७ ते २९ जुलै लीगच्या कौन्सिलची बैठकही मुंबईतच झाली. तिने योजनेची मान्यता मागे घेतली आणि १६ ऑगस्टला ‘प्रत्यक्ष कृती’ पुकारली. त्याच महिन्यात प्रांतिक विधानसभांनी घटना समिती निवडली. दहा लाख लोकसंख्येमागे एक, मुंबईच्या २१ जागा, त्यांतल्या १९ सर्वसाधारण आणि २ मुस्लिम. ब्रिटिश हिंदुस्थानच्या २९६ जागांपैकी काँग्रेसकडे २०८, लीगकडे ७३. हा निकाल पाहून जिनांनी काय हिशेब केला असेल ते उघड आहे: आपल्या यादीत जवळजवळ सगळं जिंकूनही सभागृहात आपण एक चतुर्थांश. अशा सभागृहात जाऊन करायचं काय? विभक्त मतदारसंघाने लीगला विजय दिला आणि तो विजय सभागृहात कवडीमोल असल्याचंही त्याच आकड्याने सांगितलं. नेहरूंना दोष देणारे आणि जिनांना दोष देणारे दोघेही या साध्या गणिताकडे पुरेसं पाहत नाहीत, असं माझं मत झालं आहे.

कलकत्ता १६ ऑगस्टला पेटलं. मुंबईत १ सप्टेंबरपासून, म्हणजे नेहरूंच्या अंतरिम सरकारच्या शपथविधीच्या आदल्या दिवसापासून, भोसकाभोसकी सुरू झाली. ती आठवड्यांत थांबली नाही; अधूनमधून महिनोन्महिने चालू राहिली. मोरारजींनी संचारबंदी लावली. त्याच काळात विधानसभा अधूनमधून भरतच होती.

९ डिसेंबरला दिल्लीत घटना समिती बसली तेव्हा लीगच्या खुर्च्या मोकळ्या. मुंबईतून निवडून गेलेल्या मुकुंदराव जयकरांनी सुचवलं की उद्दिष्टांचा ठराव एवढ्यात मंजूर करू नये, लीगची वाट पाहावी. सभागृहाला ते रुचलं नाही. १७ तारखेला आंबेडकर बोलायला उठले आणि त्यांनी जयकरांचीच बाजू घेतली. हक्क कुणाचा आहे यापेक्षा शहाणपण कशात आहे ते पाहा, असा त्यांचा रोख होता. ज्या माणसाला काँग्रेसने नुकतंच सगळीकडून अडवलं होतं तो माणूस काँग्रेसच्या भरगच्च सभागृहात लीगच्या गैरहजेरीविषयी बोलत होता, आणि ते सभागृह ऐकत होतं. ठराव अखेर २२ जानेवारीला मंजूर झाला, लीगशिवायच.

आंबेडकर तिथे कसे पोचले, ही या आढाव्यातली दुसरी बाजू आहे आणि विभक्त यादीला शिव्या देऊन मोकळं होणाऱ्यांनी तिच्याकडे जरूर पाहावं. पुणे करारानंतर अनुसूचित जातींच्या राखीव जागांची निवडणूक दोन टप्प्यांत होत असे. पहिल्या टप्प्यात फक्त दलित मतदार चार उमेदवारांचं पॅनेल निवडत; दुसऱ्यात सर्व सर्वसाधारण मतदार त्यांतला एक. १९३७ला आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात १७ उमेदवार दिले आणि बहुतेक निवडून आणले. १९४६ला त्यांच्याच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार प्राथमिक फेरीत ठिकठिकाणी आघाडीवर राहिले आणि अंतिम फेरीत पडले. देशभरच्या १५१ राखीव जागांपैकी फेडरेशनला दोन मिळाल्या, एक बंगालात आणि एक मध्य प्रांतात; मुंबईत एकही नाही. दलित मतदारांनी पहिल्या फेरीत ज्याला पसंत केलं तो दुसऱ्या फेरीत सवर्ण मतांनी बाजूला पडायचा. जुलैत फेडरेशनने पुण्याच्या कौन्सिल हॉलवर सत्याग्रह केला तो याच रागातून. आंबेडकरांना घटना समितीत पाठवलं ते मुंबईने नव्हे, जोगेंद्रनाथ मंडलांच्या बंगालने.

मग यादी वेगळी ठेवावी की एकत्र? मुस्लिमांना वेगळ्या यादीने खरे प्रतिनिधी दिले आणि त्या प्रतिनिधींना इतरांची गरज उरली नाही. दलितांना एकत्र यादीने इतरांशी जोडलं आणि त्यांचे प्रतिनिधी इतरांनी निवडले. एकाच प्रांतात, एकाच महिन्यात, एकाच कायद्याखाली दोन्ही प्रयोग झाले आणि दोन्हींनी आपापली किंमत वसूल केली. १९४६वर ढिगाने लिहिलं गेलं, पण हे दोन निकाल शेजारी ठेवून फार कमी जणांनी पाहिले.

इतिहासकारांचे वाद बहुतेक दुसऱ्याच गोष्टींवर आहेत. आयेशा जलाल यांनी १९८५च्या पुस्तकात म्हटलं की जिनांना वेगळा देश नको होता, सौद्यासाठी वजन हवं होतं, आणि मतदारांपुढे पाकिस्तान मुद्दाम धूसर ठेवलं गेलं. त्याला वेंकट धुलिपाला यांनी २०१५मध्ये उत्तर दिलं: संयुक्त प्रांतातले लोक पाकिस्तानचा नकाशा, अर्थकारण, धर्म यांवर तपशिलात वाद घालत होते, धूसर काही नव्हतं. डेव्हिड गिलमार्टिन यांनी पंजाबात पीर आणि सज्जादानशीनांनी मत हे श्रद्धेचं काम कसं बनवलं ते दाखवलं. मुंबईचे कायदेपंडित एच. एम. सीरवई यांनी १९८९मध्ये फाळणीची मोठी जबाबदारी काँग्रेसवर टाकली. मराठीत शेषराव मोरे यांचा ग्रंथ आहे: काँग्रेसने आणि गांधीजींनी अखंड भारत समजूनउमजून नाकारला, कारण त्याच्या अटी परवडणाऱ्या नव्हत्या. मोऱ्यांची मांडणी अनेकांना कडू लागते, पण २०८ आणि ७३ या आकड्यांशी ती सर्वांत जास्त जुळते, हे मान्य करायला हवं.

१९४७च्या जूनमध्ये १९४६ला निवडलेल्या प्रांतिक विधानसभांनी शेवटचं मोठं काम केलं. २० जूनला बंगालच्या आमदारांनी मतदान केलं. पूर्व भागाच्या आमदारांनी फाळणीविरुद्ध १०६ विरुद्ध ३५, पश्चिम भागाच्यांनी फाळणीच्या बाजूने ५८ विरुद्ध २१. २३ जूनला पंजाब: पश्चिम भागात ६९ विरुद्ध २७ फाळणीला विरोध, पूर्व भागात ५० विरुद्ध २२ पाठिंबा. कुठल्याही एका भागाने मागितली तरी फाळणी होणार, असा नियम आधीच ठरला होता. मूठभर मतदारांनी रस्ते, शाळा, कूळकायदा यांसाठी निवडलेली माणसं कोट्यवधी लोकांची सरहद्द ठरवत होती. मुंबईच्या विधानसभेला असं मत द्यायचं काम पडलं नाही. चुंद्रीगर ऑक्टोबर १९४६पासून अंतरिम सरकारात व्यापारमंत्री होते. फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९५७मध्ये दोनेक महिने तिथले पंतप्रधान झाले. ज्यांनी त्यांना निवडलं ते मतदार बहुतांशी इथेच राहिले.

मराठवाड्याचं प्रकरण याहून वेगळं आणि याहून कमी वाचलं गेलेलं. निजामाच्या राज्यात अय्यंगार समितीच्या शिफारशींवरून १९३९ला जी सुधारणा जाहीर झाली तिच्यात धर्मावर आधारलेल्या याद्या नव्हत्या. प्रतिनिधी व्यवसायांच्या गटांतून निवडायचे, यादी संयुक्त. वरवर पाहता हे मुंबईपेक्षा पुढारलेलं. पण जागा हिंदू-मुस्लिम निम्म्या-निम्म्या, जिथे हिंदू लोकसंख्येच्या चार पंचमांशाहून जास्त. आणि अखेरचा शब्द निजामाचा. १९४६च्या अखेरीस या योजनेखाली निवडणूक झाली, स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने बहिष्कार घातला. सभागृह भरलं, पण ज्यांच्याशी बोलायचं ते बाहेर होते. दीड वर्षात एकीकडे रझाकार, दुसरीकडे सरहद्दीवरच्या छावण्यांतून लढणारे कार्यकर्ते. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईपर्यंत आणि तिच्यानंतर मराठवाड्याच्या गावांत जे घडलं, त्याला यादवीशिवाय दुसरा शब्द मला सुचत नाही.

स्वतंत्र भारताने विभक्त मतदारसंघ ऑगस्ट १९४७मध्येच निकालात काढले. एका यादीचा फटका कुणाला बसला हेही नोंदवायला हवं. १९५२च्या लोकसभेत मुंबई शहर उत्तर या दोन सदस्यांच्या मतदारसंघात आंबेडकर राखीव जागेवर उभे होते. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना साडेचौदा हजारांच्या फरकाने हरवलं. एक यादी, प्रौढ मतदान, सगळं रीतसर. आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष पराभूत.

पण पुढच्याच खेपेला तीच एक यादी वेगळं काम करून गेली. १९५५-५६मध्ये मुंबई पुन्हा दुभंगली होती, या वेळी भाषेवरून. गोळीबारात शंभरावर माणसं मेली, गुजराती-मराठी वस्त्यांमध्ये तणाव होता, महाराष्ट्र आणि महागुजरात या दोन्ही मागण्या एकाच द्वैभाषिक राज्यात कोंडल्या होत्या. आणि १९५७ला निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला लोळवलं, विदर्भ-मराठवाडा काँग्रेसकडेच राहिला, मुंबई शहरात दोघांनाही जागा मिळाल्या. गुजराती मतदार आणि मराठी मतदार एकाच यादीत होते, त्यामुळे गिरगावातल्या समितीच्या उमेदवाराला गुजराती व्यापाऱ्याची भीती घालवावी लागली आणि काँग्रेसच्या उमेदवाराला मराठी गिरणीकामगारापुढे उत्तर द्यावं लागलं. निकालानंतर अत्रे, डांगे, एसेम जोशी सभागृहांत गेले आणि तीन वर्षं तिथून सरकारला भंडावून सोडलं. पश्चिम महाराष्ट्रात हरलेला पक्ष द्वैभाषिकाचं सरकार चालवत राहिला आणि तिथे जिंकलेल्यांना विरोधी बाकांवर बसण्यात अर्थ वाटला. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६०ला झाला.

पवईचा बराचसा भाग २००८च्या पुनर्रचनेपासून चांदिवली विधानसभा मतदारसंघात आहे. तलावाकाठचे टॉवर, साकीनाक्याची कारखान्यांची गल्ली, डोंगरावरच्या वस्त्या, जुनी गावठाणं, सगळं एका यादीत. मराठी, उत्तर भारतीय, मुस्लिम, दलित, ईस्ट इंडियन, दक्षिण भारतीय असा इथला मतदार आहे आणि यांतल्या एकाच समाजाच्या जोरावर इथे कुणी निवडून येत नाही. २००९ आणि २०१४ला काँग्रेसचे नसीम खान जिंकले. २०१९ला शिवसेनेच्या दिलीप लांडे यांनी त्यांना ४०९ मतांनी हरवलं. प्रचाराच्या भाषणांत कोण काय बोललं ते सोडा. ४०९च्या फरकाने निकाल लागू शकतो अशा मतदारसंघात कुठलाही कार्यकर्ता कुठल्याही गल्लीत जायचं टाळू शकत नाही.